मोजणी

प्रत्येक बॅचला मी हेच आधी सांगते:
हात उचलून देऊ नका. थांबा.
कोपराखाली तळवा फक्त असू द्या,
तवा तापलाय का बघतो, तेवढाच.

अशोक चौकामागचा हॉल. दुपारी पत्रे कडकडतात.
समांतर दांड्यांमध्ये नरसय्या गड्डम,
एकतीस वर्षं यंत्रमागावर.
आता उजवी बाजू
शेजाऱ्याने सांभाळायला दिल्यासारखी.

लावण्या नवी. कमरेचा पट्टा नीट धरलेला,
माझ्यासारखंच मोजते: एक, दोन, तीन.
पाय फरशीला चिकटलेला.
पुन्हा. एक, दोन.
पंखा. घाम. पुन्हा.

मग थकून की काय, तिच्या तोंडून घरचंच आलं:
ओकटि. रेंडु. मूडु.
गुडघा हलला.
टाच घासत, वाकडी, पण पुढे.
आणि म्हातारा स्वतःच म्हणाला, 'नालुगु.'
पाच आठवड्यांतला पहिला शब्द.

लावण्या रडायला लागली.
पट्टा सोडू नकोस, मी म्हणाले.
रजिस्टरात लिहिलं: एक पाऊल, आधारासह.
भाषेचा रकाना त्यात नाही.

बार्शीची मी. रात्री शेंगाचटणी कुटताना
खलबत्त्यात तेच चार आकडे घोकत होते.
पाचला काय म्हणतात,
विचारायचं राहिलंय.