निळी टोपी

बल्लारपूरच्या खाणीतून सुटून
बिरामामा दिघंचीला आले, त्याला सहा वर्षं झाली.
अजून कुठल्याही खोलीत शिरताना
आधी आढ्याकडे बघतात.
गॅस हलका. वरच साचतो. वास नाही.
दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढली
की मागं फिरायचं.

मी विचारलं, कोळशात एवढा राहतो कुठं?
म्हणाले, चिकटून. कणाकणाला.
वरचा भार आहे तोवर गप्प.
आपण खणतो, भार उतरतो,
मग सुईच्या नेढ्याहून बारीक वाटांनी
झिरपत झिरपत भेगेला लागतो,
भेगेतून पळतो.

एवढं बोलून थांबले.
माणगंगेच्या कोरड्या वाळूत
काठीनं एक रेघ ओढली,
आणि पहिल्यांदाच
रातपाळीतल्या लटारी मडावीचं
नाव घेतलं.