डावा बूट

पार्नूच्या ग्रंथालयाच्या तळघरात
मंगळवारी सहाच्या ठोक्याला
हेल्वे बाई आधी आवाज बंद करतात.
"कानांना सुट्टी," म्हणतात,
आणि पडदा उजळतो.

फिल्म सहा मिनिटांची. बाहुल्यांची.
लोकर, तार, थोडं मेण.
बेटावरचा एक मोची आणि दर हिवाळ्यात
त्याच्याकडे दुरुस्तीला येणारा बूट. डावाच.

पहिल्यांदा मला नुसती गोष्ट दिसली,
म्हणजे रडू आलं. बाकी काही नाही.

दुसऱ्यांदा बाईंनी पुठ्ठा धरून
पडद्याचा वरचा अर्धा भाग झाकला.
काहीच बिघडलं नाही!
बूट आणणाऱ्या पोराचा चेहरा
मुळात कुठे नव्हताच.
कॅमेरा गुडघ्यांवर चढलाच नव्हता.

"मग तो मोठा झाला हे कोणी सांगितलं?"
काउर गोदीत वेल्डिंग करतो,
मनगटावर पोळल्याचे ठिपके.
तो म्हणाला, "खिळ्याने."

खरंच की. भिंतीवर एक खिळा,
बूट दरवर्षी त्यालाच लटकतो,
आणि दरवर्षी टाच खालच्या फळीच्या
आणखी थोडी जवळ येते.
सातव्या हिवाळ्यात टेकते.
आठव्यात
खिळा.

बाई बोटांवर मोजायला लावतात:
बहात्तर फ्रेम, तीन सेकंद,
कोणी काही करत नाही.
खिळ्याची सावली तेवढी सरकते,
कुणी दिवा उचलून आत नेल्यासारखी.
"आणि इथे घाई केली असती तर?"
लेलो, सतरा वर्षांची, वहीतून मान न काढता:
"तर तो मेला असता.
आता तो नुसता आलेला नाही."

मी सव्वीस वर्षं मासळीच्या कारखान्यात.
डब्यात मासे, डोकं-शेपूट, डोकं-शेपूट.
बोटांना थांबणं ठाऊक नाही.

माझी गोष्ट शिलाई मशीनची.
आईच्या मागे ते बहिणीने नेलं, तुर्कूला,
आणि अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.
जेवणाच्या टेबलावर शंभरदा सांगितलीय:
भांडण चार वाक्यांत,
माझी बाजू चाळीस.

चाळीस चित्रं काढून नेली.
बाईंनी अश्रू काढला. फोन काढला.
भिंतीवरचा आईचा फोटोही.
"ही तू बोलतेयस, रीना."
उरली नऊ.

मग विचारलं, "कॅमेरा कुठे?"
"माझ्या डोळ्यांच्या उंचीवर."
त्या काही म्हणाल्या नाहीत.
पुठ्ठा टेबलावर पडला होता,
मीच उचलला.

आता कॅमेरा मशीनखाली आहे,
आई शिवताना आम्ही जिथे बसायचो तिथे.
वरून चिंध्या पडतात,
पायडल खाली-वर,
आणि दोन्ही बाजूंना लोकरीच्या मोज्यांतले पाय,
चार.
मी स्वतः विणले, मेणाने चिकटवले,
तरी इथून कळत नाही
त्यातले माझे कुठले.

काल पायडल दोन मिलिमीटर हलवलं,
फोटो. पुन्हा दोन. फोटो.
चौऱ्याऐंशीव्या फ्रेमला एक मोजा सैल झाला.
नीट करायला हात पुढे केला,
आणि तसाच ठेवला.

"पायडलवरचा पाय दिसत नाही," काउर म्हणाला.
"नाही."
"दिसणार आहे?"
नऊला तळघर बंद होतं.
मी दिवा मालवला
आणि मशीन होतं तिथेच, झाकण न घालता, ठेवलं.