मोजणी

तेव्हा मी बावीस वर्षांचा, जिल्हा कचेरीतला कारकून.
काखेत रजिस्टर, अंगरख्याच्या आत तीन पेनं.
शाई गोठायची, म्हणून आळीपाळीने छातीशी धरायची.
काम सोपं होतं:
मेलेली जनावरं मोजायची.

झूद म्हणतात त्याला, आमच्या मंगोलियात.
आधी बर्फ पडतो, मग एक दिवस खोटं ऊन पडतं,
वरचा थर पाझरतो
आणि रात्रीत त्याचं लोखंड होतं.
खाली गवत असतं. दिसतंसुद्धा.
मेंढ्या त्या लोखंडावर तोंड आपटत राहतात
ओठ फुटेपर्यंत,
आणि उभ्या उभ्याच संपतात.

दुल्माच्या वस्तीवर पोचलो
तेव्हा तिच्या गेरमागे मेंढ्या रचलेल्या होत्या
सरपणासारख्या, डोकी सगळी एकाच बाजूला.
"अशा का रचल्यात?"
"मोजायला सोप्या," ती म्हणाली. "तू येणार होतास ना."

रजिस्टरात एक रकाना होता: कारण.
मी विचारलं. ती चहात मीठ टाकत राहिली.
मग म्हणाली, "हिवाळा लिही.
आणि पुढचा रकाना कशाचा आहे, वाच."
पुढचा रकाना होता: शिल्लक.

त्या खोऱ्यातल्या एकोणीस गेरांची ती प्रमुख.
संध्याकाळी सगळे तिच्याकडे जमले, आणि कुणी आकडा सांगेना.
जनावर मेलं की माणूसच उणा झाल्यासारखा बसतो,
डोळे चुलीत घालून.
गोम्बो तर हसला. "माझं बरंय. थोडीफार गेली."
त्याच्या बाहीवर रक्त वाळलं होतं, कोपरापर्यंत.
मी पेन बाहेर काढलं,
परत आत ठेवलं.

दुल्मा उभी राहिली. भाषण वगैरे नाही.
"चारशे बारा होती. सदतीस आहेत.
पांढरी घोडी गाभण होती, तीही गेली.
काल रात्री मी गोठ्यात गळा काढून रडले.
तुमच्यातल्या दोघांनी ऐकलंय,
तेव्हा आता लपवून काय."
आणि खाली बसली, चहा ओतायला.

चुलीत शेणाची वीट तडकली.
कोपऱ्यातून म्हातारा जिग्मिद खाकरला,
"दोनशे साठ. उरली नऊ."
मग त्याची सून. मग दारापाशी बसलेले दोघे भाऊ, एकदमच.
मी लिहीत गेलो, पेन बदलत.
शेवटी गोम्बो.
"एकही नाही," तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

मला वाटलं आता ती त्याच्या पाठीवर हात ठेवेल.
तिने फक्त वाटी पुढे केली.
"मग तूच मोकळा आहेस. पहाटे माझे पाच घोडे ने दक्षिण उतारावर.
घोडे पुढे. खुरांनी ते फोडतील.
मागून सगळ्यांची मेंढरं."
गोम्बोने वाटी घेतली, दोन्ही हातांनी.

रात्री मला झोप नव्हती.
बाहेर गोठ्यात तिचा आवाज: तोइग, तोइग, तोइग.
पिल्लू गेलेली एक मेंढी,
आई गेलेलं एक पिल्लू.
मेंढी लाथ मारायची, पिल्लू धडपडत परत यायचं.
दुल्मा ओढत नव्हती, ढकलत नव्हती,
नुसती गुणगुणत बसली होती, पापण्यांवर बर्फ.
"घेईल जवळ?" मी विचारलं.
"आज नाही तर उद्या परत बसायचं."
घेतलं की नाही, मला माहीत नाही.
उजाडताच मी पुढच्या खोऱ्याकडे निघालो.
लांब उतारावर पाच घोडे वाकलेले दिसले,
आणि त्यांच्यापुढे एक माणूस.

आता त्या कचेरीचा प्रमुख मीच.
परवा चाऱ्याचे चार ट्रक उशिरा निघाले, माझ्याच चुकीने.
खिंड बंद झाली.
बैठकीत सगळे टेबलाकडे बघत होते,
ज्याच्या त्याच्या ओठांवर हवामानाचं नाव.

खोलीत हीटर चालू होता,
तरी माझा हात पेनासाठी आत गेला, छातीपाशी.
मग मी उभा राहिलो
आणि आधी माझा आकडा सांगितला.