ताकाचं गाडगं

भूमेश्वरी नाव ठेवलं आम्ही,
अन् सात वर्षं तिचा पाय भुईले टेकला नाई.

नागपूरच्या मेडिकलात डाक्टरनं दाखवलं,
असा गुडघा, असा घोटा,
रोज दोनदा, न चुकता.
रोज?
मी भिवापूरच्या सातऱ्यावर, मिरचीचे देठ खुडत,
पोट्टी घरी, खाटेले ओढणीनं बांधलेली.
घट्ट नाई. पन बांधलेलीच.

पंचफुला रामटेकेनं एकदा पाह्यलं.
"आन तिले इथं. बसू दे पोत्यावर."
एवढंच बोलली, खुडता खुडता.

मंग पाळ्या लागल्या.
मुकादम आधी कुरकुरला,
मंग त्यानंच दोन पाइप आनून गाडले, पोरीले धराले.
खालच्या गल्लीतली एक अजूनबी म्हनते,
मागल्या जन्माचं हाय.
म्हनू दे.

पन हात मिरचीचे!
आधी राख, मंग ताक, मंग गोडं तेल,
तवा कुठं पायाले हात लावाचा.
एक दिवस कुंदा घाईत होती.
पोट्टी किंचाळली,
"झोंबते!"

सातरा गप.
सात वर्षांतला पहिला शब्द.
कुंदा रडाले लागली, बाकीच्या हसाले,
मी काय केलं, आठवत नाई.

काल पल्याडच्या टोलीवरून एक बाई आली,
कडेवर नऊ वर्षांचं पोरगं,
त्याचे पाय तिच्या गुडघ्यापावतर लोंबत.
दारातच थबकली.
पंचफुलानं विचारलं नाई, कोनाची, काहून.
ताकाचं गाडगं तेवढं सरकवलं.
"कुंदे, हात धू.
नीट धू आता."