परत करणारी ओळ

गोथेनबर्ग. दुपारी तीनलाच अंधार.
इल्वा सिगवार्डचा जुना सी-कोड
हास्केलमध्ये आणते आहे,
कालव्याची दारं उघडणारा,
चौतीस वर्षं न चुकलेला.

त्यात पाणीपातळीचा एकच डबा:
भर, पूस, पुन्हा भर.
इथे पुसायचं काहीच नसतं;
प्रत्येक पातळी नवी,
जुनी मागे तशीच उभी.

लूप उसवून तिने
स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन विणलं.
सगळं बसलं.
उरली एक ओळ,
घेतलेली मेमरी परत करणारी.

फोन लावला. “ही गाळते आहे.
इकडे ते आपोआप होतं.”

पलीकडे किटली शिटी घालत राहिली.
मग म्हातारा म्हणाला,
“आपोआप म्हणजे? कोण करतं?”

इल्वाला पटकन
कुणाचं नाव घेता येईना.