साडेनऊ ते सव्वादहा

क्लाइपेडाच्या बंदरावर बर्फ धरत होतं
त्या शुक्रवारी रात्री मी हाइनोला पॅच पाठवला.
सदतीस फाइली.

बग एकच होता:
एकोणतीस फेब्रुवारीला मोजलेलं पाणी
एक मार्चच्या नावावर चढायचं.
पण हात लागलाच आहे, तर म्हणून मी
व्हेरिएबलांची नावं बदलली,
समास सरळ केले,
कुणाच्या तरी जुन्या टिपणातलं शुद्धलेखनसुद्धा.
नळ दुरुस्त करायला गेले
आणि परस्पर भिंती रंगवून आले.

चौथ्या दिवशी आठवण केली.
सातव्या दिवशी पुन्हा, जरा फणकाऱ्यानं:
कुणी वाचतंय का?

बाराव्या दिवशी कुरेसारेहून उत्तर आलं.
"मला रोज साडेनऊ ते सव्वादहा वेळ असतो,
आई झोपली की. कधी ती मध्येच उठते.
यात नेमकं काय दुरुस्त करायचं होतं?"

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
नीट वाचल्या तर एका रात्री तीन फाइली,
म्हणजे तेरा रात्री.
तेरा रात्री न विचारता उचलल्या होत्या
आणि वर पावती मागत होते.

दिवसभर तो फेरीबोटींची इंजिनं उघडतो,
हे नंतर इर्माकडून कळलं.
चाळीसेक बंदरं त्याच्या कोडवर पाणी मोजतात.
एकाही बंदरानं त्याला कधी कॉफी पाजलेली नाही.

रविवारी निवडायला बसले,
तांदळातले खडे काढतात तशी.
फक्त, यातले बरेच खडे मला आवडत होते.
एक नाव तर दोन संध्याकाळी घालवून सुचलेलं.
तेही गेलं.

उरल्या सहा ओळी.
त्यांच्यावर लिहिलं: काय बिघडतं, कसं पाहायचं,
आणि मला काय ठाऊक नाही.
एक टेस्ट जोडली.
मग पाठवण्याआधी एकदा वाचलं त्याच्यासारखं,
दमल्या डोळ्यांनी,
एक कान आतल्या खोलीकडे ठेवून.
तिसऱ्या ओळीत चूक निघाली. माझीच.

सोमवारी, नऊ बावन्नला,
त्यानं ते आत घेतलं.
शेरा एका शब्दाचा: ऐताह.
त्यांच्याकडे आभाराला म्हणतात ते.

सव्वादहाला अजून तेवीस मिनिटं होती.
त्यांचं त्यानं काय केलं,
मी विचारलं नाही.