दोन रात्री, तीन दिवस

दोन नंबरच्या खोलीतली माणसं सकाळी गेली
आणि फ्रिजमध्ये अर्धी बाटली विसरली.
नाशिकची. लाल. बूच तिरकं दाबलेलं.
कोलंबीच्या डब्याशेजारी ती उभी होती
लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या बाईसारखी.

सगुणने स्टीलच्या पेल्यात बोटभर ओतली,
वास घेतला, म्हणाला, ‘कोकमच गो, शाळा शिकलेला.’
मग पायरीवर पाय सोडून बसला
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला,
‘आपण जावया काय खंयतरी?’

बारा वर्षं आम्ही लोकांची सुट्टी सांभाळतो.
त्यांच्या चादरींतली वाळू झटकतो,
डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून माफी मागतो,
त्यांच्या पोरांसाठी सोलकढी वेगळी काढतो, बिनमिरचीची,
समुद्र किती वाजता ‘चांगला’ असतो ते सांगतो.
मी स्वतः पाण्यात पाय घातल्याला
किती दिवस झाले,
मोजायला बसले आणि उठले. गॅसवर भात होता.

वेंगुर्ल्याच्या या टोकाला सातनंतर फक्त लाटा.
सगुणने बुकिंगची वही उलटी धरली,
मागच्या पानावर यादी सुरू केली:
रामकुंड. काळाराम. त्र्यंबक, पहाटे चारला.
वणीच्या पायऱ्या. पांडवलेणी. मिसळ, दोन ठिकाणची.
द्राक्षांचा मळा, चव घ्यायला पाच पेले.
येताना चिवडा. तातूला बेदाणे.

मी पेन घेतलं.
पहाटे चार खोडलं.
पायऱ्या खोडल्या, माझे गुडघे मला ठाऊक.
लेणी खोडली, दगड आपल्याकडेही आहेत.
काळाराम ठेवला. गोदावरी ठेवली,
पण घाटावर नुसतं बसायचं,
कुणी कुळ-गोत्र विचारलं तर म्हणायचं, उद्या.
मळा ठेवला. एकच पेला. सावकाश.

सगुण म्हणाला, ‘मगे इतक्या लांब कित्याक जावचा?’

मला ओला टॉवेल गादीवर टाकायचाय.
मला नऊला उठून विचारायचंय,
चहा आहे का अजून?
आणि निघताना कुणाच्या तरी फ्रिजात
काहीतरी विसरायचंय.

फोनवर तिकडची बाई होती,
आवाजात कणीक मळतानाचा दम.
‘गरम पाणी सहा ते नऊ. जेवण आदल्या रात्री सांगायचं.
माकडं येतात, खिडकी लावून घ्यायची.’
माझीच वाक्यं. माझ्याकडे माकडांच्या जागी खेकडे, एवढंच.
तिच्या मागे कुणी ओरडलं, उशी कमी पडलीय.
मी म्हणाले, तुम्ही जा, मी धरते.
परत येऊन तिने विचारलं, काही खास निमित्त?
नाही, म्हटलं. निमित्त नाही, हेच.

पण न विचारता गाव कसं सोडणार?
सोमवारी देवळात कौल लावला.
गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या,
गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा,
ही तुझी लेकरां तीर्थाक जातत...’
आम्ही दोघंच म्हणालो, व्हय म्हाराजा.
द्राक्षांचं सगुणने सांगितलं नव्हतं.
देवाला फळं आवडतात, तो समजून घेईल.

पाकळ्या हलेनात.
मला वाटलं, याला कोण सुट्टी देतं?
हा कुणापुढे कौल लावतो?

तेवढ्यात सगुणचा खिसा वाजला.
आठ माणसं, पुण्याची, नेमके तेच तीन दिवस,
म्हणत होती, दुप्पट देतो, पण दोन नंबरचीच हवी,
तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो.
सगुणने माझ्याकडे पाहिलं.
मी फोन घेतला, गाभाऱ्याकडे पाठ केली
आणि म्हणाले, दिसतो, पण रिकामी नाही.

या गडबडीत पाकळी पडली.
कुठल्या बाजूची, आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.
गुरवाने माझ्या तोंडाकडे पाहिलं,
खाली वाकून ती उचलली,
म्हणाला, उजवी.